जुन्या सिल्व्हराडोच्या ट्रान्समिशन कूलर लाइन गंजल्या: काय वापरावं, कसं बसवावं?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांवर भरपूर लिहिलं जातं, पण अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकवर एकही सविस्तर धागा सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय.

गाडी 2004 ची शेव्हरोले सिल्व्हराडो 1500. इंजिन 5.3 लिटरचं व्ही-8, फोर व्हील ड्राइव्ह, आणि चार गिअरचा 4एल60ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पहिल्यापासून मिशिगनमध्येच वापरलेली, त्यामुळे हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ तिने पोटभर खाल्लंय. इंजिन अजून ठणठणीत आहे, गिअरही व्यवस्थित पडतात. पण हल्ली गाडी उभी असते त्या जागी लाल डाग पडायला लागलेत.

खाली शिरून पाहिलं. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाने निघून इंजिनच्या ऑइल पॅनच्या कडेने रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन स्टीलच्या नळ्या आहेत, त्यांना धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटपाशी गंजाचे पापुद्रे सुटलेत आणि तेल तिथूनच पाझरतंय. पुढे नळीवर रबरी होज दाबून बसवलाय, तो जोडही ओलसर आहे.

विचारायचं ते असं. गंजलेला तुकडा कापून मध्ये होज घालणं पुरेल का? की दोन्ही लाइन मुळापासून बदलाव्यात? बदलायच्या तर स्टील, स्टेनलेस की ती निकेल-कॉपरची नळी? उन्हाळ्यात आम्ही कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढत अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तर भागात जातो, तेव्हा याच खटाटोपात जास्त मोठा कूलर बसवून घ्यावा का, हेही सांगा.

पाना_बारा_तेरा

मिशिगनकर, दोन्ही लाइन बदला. तुकडा घालून भागवू नका. कारण सविस्तर लिहितो, कारण या नळ्यांकडे लोक फार हलक्यात बघतात.

सगळ्यांची समजूत अशी की गिअरबॉक्समधलं तेल गरम होतं, नळीतून रेडिएटरकडे जातं, थंड होऊन परत येतं, संपलं. पण परत आलेलं तेल कुठे जातं ते बघा. ते सरळ खालच्या पॅनमध्ये पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) निघालेलं तेल कूलरमधून फिरून येतं आणि गिअरबॉक्सच्या वंगणाच्या वाटेला लागतं. आतले प्लॅनेटरी गिअर, बुश, बेअरिंग यांना मिळणारं तेल तेच. म्हणजे कूलर लाइन हीच वंगणाची लाइन आहे. ती चेपली, कूलर चोंदला किंवा कुठे अर्धवट अडथळा आला, तर गाडी काही दिवस छान चालते आणि आतले बुश कोरडे पडत जातात. मेकॅनिक गिअरबॉक्स उघडतो, नवे क्लच टाकतो, गाडी देतो, आणि कूलर तसाच चोंदलेला राहतो. दुरुस्त केलेला गिअरबॉक्स काही महिन्यांत पुन्हा बसतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून लाइनला हात घालण्याआधी प्रवाह तपासा. परतीची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरा, इंजिन आयडलवर ठेवा आणि 20 सेकंदांत एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) तेल येतंय का बघा. तेवढं आलं तर वाट मोकळी आहे. कमी आलं तर नवीन नळ्या टाकून उपयोग नाही, आधी कूलर बघावा लागेल. हे एकट्याने करू नका. एक माणूस किल्लीपाशी हवा, भांडं भरत आलं की त्याने लगेच इंजिन बंद करायचं. पंप कोरडा फिरता कामा नये.

4एल60ई मध्ये केसवरचा खालचा जोड बाहेर जाणाऱ्या तेलाचा आणि वरचा परतीचा. खुणेची चिंधी बांधून ठेवा, म्हणजे नव्या लाइन उलट्या लागणार नाहीत.

ह्यूस्टन_दक्षिण

माझं मत थोडं वेगळं आहे. धातूच्या नळ्या हव्यातच कशाला? मी माझ्या ट्रकवर गिअरबॉक्सपासून कूलरपर्यंत सगळा चांगला होज घातलाय, दोन्ही टोकांना सहा नंबरचे एएन (आट्यांनी आवळायचे) जोड. गंज नाही, वाकवायचा त्रास नाही. आणि रेडिएटरमधला कूलर पूर्ण वगळलाय. समोर एसीच्या कंडेन्सरपुढे मोठा स्टॅक्ड प्लेट (एकावर एक पट्ट्यांचा) कूलर आहे, तेल फक्त त्यातून फिरतं. बोट ओढतानाही ह्यूस्टनच्या उन्हात तेल 180 फॅरेनहाइटच्या वर क्वचित जातं.

रेडिएटर वगळायचं कारण सांगतो. रेडिएटरच्या टाकीत गिअरबॉक्सचा कूलर कूलंटमध्ये बुडालेला असतो. तो आतून फुटला तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. 2005 ते 2010 या काळातल्या निस्सान फ्रंटियर, पाथफाइंडर आणि एक्सटेरा या गाड्यांत हे इतक्या प्रमाणात झालं की प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला वॉरंटीची मुदत वाढवावी लागली. जुन्या रेडिएटरवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पाना_बारा_तेरा

ह्यूस्टन, तुमच्याकडे ते चालतं, मिशिगनमध्ये नाही. तिथे जानेवारीत शून्याखाली वीस अंश सेल्सिअस म्हणजे काही विशेष नसतं. अशा थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं, आणि नुसता हवेचा कूलर असला तर अर्धा तास चालवूनही ते पुरतं तापत नाही. घट्ट तेल कूलरच्या बारीक वाटांतून नीट फिरत नाही आणि वंगण कमी पडतं. शिवाय तेल एका ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर कन्व्हर्टर लॉक करत नाही, म्हणजे त्यातली घसरण थांबवत नाही. रेडिएटरमधला कूलर हिवाळ्यात हीटरचं काम करतो. कूलंट लवकर तापतं आणि तेलाला आपल्याबरोबर वर ओढतं.

मिशिगनकरांसाठी माझा क्रम असा: गिअरबॉक्समधून आधी रेडिएटर, मग पुढचा हवेचा कूलर, मग परत गिअरबॉक्स. उन्हाळ्यात रेडिएटर पहिला झटका घेतो आणि उरलेली उष्णता हवा काढते. हिवाळ्यात रेडिएटर तेल तापवतो. पुढचा कूलर आतून बायपास असलेला घ्या, म्हणजे गार घट्ट तेल बारीक वाटांत न अडकता वळसा घालून निघून जाईल.

जुन्या रेडिएटरच्या भीतीबद्दल तुमचं म्हणणं मात्र पटतं. त्यावर उपाय रेडिएटर वगळणं नाही, बदलणं. वीस वर्षांचा रेडिएटर असेल तर लाइन बदलताना तोही नवीन घालावा. त्याचे जोड तसेही सोडायचेच असतात.

चांदा_ते_बांदा

मी अमेरिकेतला नाही, पिकअपही कधी चालवला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उघड्या कोळसा खाणींत डंपरच्या देखभालीतच सगळी नोकरी झाली. तिथले मोठे डंपर टॉर्क कन्व्हर्टर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच असतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरची हवाच 45 अंशांवर असते. त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल आणि होज या दोन गोष्टी हातात मुरल्या आहेत. होजबद्दल चार गोष्टी सांगतो, कारण धाग्यात होजवर सगळे घाईने पुढे गेलेत.

पहिलं म्हणजे होजवर छापलेलं वाचा. साधा हायड्रॉलिक होज, ज्यावर आर-1 किंवा आर-2 लिहिलेलं असतं, तो दाबाला वाघ असतो, पण त्याची तापमानाची मर्यादा साधारण 100 अंश सेल्सिअस. चढावर ओझं ओढताना गिअरबॉक्समधून बाहेर पडणारं तेल तेवढं सहज तापतं. तिथे दाब कमी आणि ताप जास्त, म्हणून ताप सोसणारा होज हवा. पेट्रोलचा होज तर मुळीच नको. तो ट्रान्समिशनच्या गरम तेलासाठी बनलेलाच नसतो, आतून मऊ पडून फुगतो आणि वाट अडवतो. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्याकडे ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचा एसएई जे-1532 या मानकाचा होज मिळतो, तोच घ्या.

होजच्या अंगावर लांबीभर एक सरळ रेघ किंवा छापील ओळ असते. बसवल्यावर ती ओळ एका बाजूला सरळ दिसली पाहिजे. पिळा पडून ती वेटोळी गेली असेल तर होज जोडापाशी पिळलेला आहे. तो आटे सैल करत राहील आणि एक दिवस जोडातूनच फुटेल. हे फक्त डोळ्याने कळतं, दोन सेकंद लागतात, आणि तरी नव्या पोरांकडून हेच हमखास राहून जातं. मी प्रत्येकाला त्या ओळीवर बोट फिरवायला लावायचो.

होज जोडातून निघाला की लगेच वळवू नका. दोनेक इंच सरळ जाऊ द्या, मग वळवा. लांबीला थोडी सैल ठेवा, कारण दाब आल्यावर होज किंचित आखडतो.

स्टीलच्या गुळगुळीत नळीवर होज चढवून वर क्लॅम्प आवळायचा प्रकार इथेही सर्रास चालतो. नळीच्या टोकाला उंचवटा हवा, नाहीतर ताप आणि दाब मिळून होज हळूहळू मागे सरकतो. दोन क्लॅम्प लावल्याने उंचवट्याची उणीव भरून निघत नाही. क्लॅम्प चिरा पाडणारा नको, आतून सपाट आणि कडा गोल केलेला घ्या.

ह्यूस्टन_दक्षिण

काका, ओळीबद्दल लिहिलंत ते फार उपयोगी आहे. आत्ताच ट्रकखाली टॉर्च घेऊन गेलो. एक होज सरळ आहे, परतीचा मात्र अर्धा वेढा पिळलेला. शनिवारी सोडून नीट बसवतो.

मिशिगनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवाह तपासला, बायकोने किल्ली सांभाळली. 20 सेकंदांत क्वार्टपेक्षा थोडं जास्तच तेल आलं, म्हणजे वाट मोकळी आहे. तेल लालच आहे, जळका वास नाही.

आता नळीचा प्रश्न. इथल्या पार्ट्सच्या दुकानात निकेल-कॉपरची 3/8 इंची नळी 25 फुटांच्या गुंडाळीत मिळते. एका गुंडाळीत दोन्ही लाइन होऊन उरेल. पण गिअरबॉक्सच्या केसवर आणि रेडिएटरवर झटपट जोडाच्या क्लिपा आहेत. त्यात घालायचं टोक मला घरी बनवता येईल का?

पाना_बारा_तेरा

नाही. त्या जोडात शिरणाऱ्या टोकाचा आकार कारखान्यात मशीनवर बनतो, हाताच्या फ्लेअर किटने (नळीचं टोक कर्ण्यासारखं पसरवायचं हत्यार) होत नाही. दोन मार्ग आहेत.

एक, कारखान्यासारखी तयार वाकवलेली लाइन विकत घ्या. बसवायला सोपी, पण साधी स्टीलची असली तर ब्रॅकेटपाशी तीच गंजाची कहाणी पुन्हा. तयार वाकवलेली स्टेनलेस मिळाली तर उत्तम. स्टेनलेस घरी वाकवून फ्लेअर करायच्या फंदात पडू नका. ती कडक असते, फ्लेअर नीट बसत नाही आणि बारीक गळती राहते.

दुसरा मार्ग निकेल-कॉपर. मी हाच निवडेन. 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल असा हा मिश्रधातू समुद्राच्या पाण्यातही टिकतो. बोटांनी वळतो, फ्लेअर सुंदर होते. नुसत्या तांब्याची नळी मात्र वापरू नका. ती हादऱ्यांनी ताठर होत जाते आणि तडकते. फ्रिज दुरुस्तीची तांब्याची नळी इथे घालणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

यासाठी केसवरचे झटपट जोड काढून त्या जागी आट्यांचे अडॅप्टर बसवावे लागतील. आता हे नीट वाचा. 4एल60ई च्या केसमधले आटे पाव इंची एनपीएसएम आहेत, म्हणजे समांतर. दुकानातला माणूस पाव इंची एनपीटी हातात ठेवेल. ते आटे निमुळते असतात. दोन-तीन फेरे छान जातात, मग आवळलं की पाचरीसारखे रुततात. केस ॲल्युमिनिअमची आहे, तिला तडा गेला की एका जोडापायी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायची वेळ येते. एनपीएसएम असं स्पष्ट लिहिलेलाच अडॅप्टर घ्या. रेडिएटरच्या बाजूचे आटे वेगळे असतात, तिथला जुना जोड काढून दुकानात नेऊन ताडून बघा.

फ्लेअरचंही तसंच. एएन जोडाचा कोन 37 अंशांचा, ब्रेकच्या नळीसारख्या इन्व्हर्टेड फ्लेअरचा 45 अंशांचा. एकावर दुसरा चढतो, आवळलाही जातो, आणि गळत राहतो. लोक मग जास्त आवळतात आणि फ्लेअर कापून टाकतात. एकच पद्धत ठरवा आणि दोन्ही टोकांना तीच ठेवा.

आणखी एक. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर हलतात, रेडिएटर बॉडीला घट्ट असतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका अंगाला झुकतं. म्हणून पुढच्या टोकाला होजचा तुकडा हवाच. कारखान्याने तो उगीच घातलेला नाही. अख्खी लाइन धातूची केली तर रेडिएटरचा जोडच तुटेल.

चांदा_ते_बांदा

तो होजचा तुकडा हायड्रॉलिकच्या दुकानातून क्रिंप करून (जोड मशीनने दाबून) घ्या, जोडासकट. तीन सुती, म्हणजे 3/8 इंची नळीला बसेल असा. ताप किती सोसायला हवा तेही सांगा. घरच्या क्लॅम्पपेक्षा क्रिंप केव्हाही भरवशाचा.

रानजाई

हा धागा वाचून फार बरं वाटलं. मी कोलोराडोत असते, घोड्यांचा ट्रेलर ओढते. माझ्याकडे 2001 चा डॉज रॅम 2500 आहे, कमिन्सचं डिझेल इंजिन आणि 47आरई गिअरबॉक्स.

तापमान बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्या. डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढच चढ, बोगदा 11,158 फुटांवर आहे. चढ इतका की हळू चालताना कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, आणि सुटलं की काटा डोळ्यांदेखत वर जातो. कन्व्हर्टर लॉक असताना घसरण नसते, सुटला की तेल घुसळलं जाऊन तापतं. अशा वेळी मी ॲक्सिलरेटर जास्त दाबत नाही, उलट एक गिअर उतरवून इंजिनचे फेरे वाढू देते. पंप जोरात फिरतो, तेल जास्त फिरतं, आणि काटा खाली यायला लागतो. फारच वर गेला तर बाजूला थांबते आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं वर ठेवून चालू ठेवते. गरम गिअरबॉक्स लगेच बंद करायचा नाही.

किती म्हणजे जास्त? मी 200 फॅरेनहाइटपर्यंत निश्चिंत असते, 220 ला सावध होते. 240 च्या पुढे तेलाचं वार्निश व्हायला लागतं आणि 260 ला रबरी सील कडक होतात, असं जुनी जाणती मंडळी सांगतात.

मिशिगनकर, तुमच्या सिल्व्हराडोला गिअरच्या दांड्यावर टो-हॉलचं (ओझं ओढतानाच्या मोडचं) बटण असेल, कॅम्पर जोडला की ते चालू ठेवत जा. तापमानासाठी वेगळा मीटरही लागणार नाही. 4एल60ई च्या आत सेन्सर असतोच, ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) छोटा ब्लूटूथ रीडर लावून फोनवर आकडा दिसतो. आमच्या जुन्या रॅमला मात्र मीटर बसवावा लागला.

मिशिगनकर

काम झालं, सविस्तर लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

गाडी रॅम्पवर चढवून जॅक स्टँड दिले. जुन्या लाइन काढताना वरचा परतीचा जोड फार अडचणीचा. वर फ्लोअर, बाजूला एक्झॉस्ट, पाना फिरायला जागाच नाही. गिअरबॉक्सखाली जॅक लावून मागचा माउंट सोडला आणि गिअरबॉक्स थोडा खाली घेतला, मग हात पोचला. ब्रॅकेट उघडल्यावर दिसलं की गंज तिथेच का धरतो. आत मिठाचा ओला चिखल दाबून बसला होता, दगडासारखा. बाकीची नळी अजून बऱ्यापैकी होती, नेमकी ब्रॅकेटखालची कागदासारखी पातळ.

निकेल-कॉपर खरंच हाताने वळतं. जुनी लाइन नमुना म्हणून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर नवी वळवत गेलो. घट्ट वळणांना मात्र बेंडर लागला, नाहीतर नळी चेपते. जुन्या ब्रॅकेटऐवजी आत रबर असलेले पी-क्लॅम्प वापरले, म्हणजे स्टील आणि नवी नळी एकमेकांना घासणार नाहीत. एक्झॉस्टपासून लाइन शक्य तितकी लांब नेली. गळती तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पडली तर आग लागू शकते, त्यामुळे तिथे अजिबात तडजोड केली नाही.

रेडिएटर नवा घातला. त्याच्यासोबत झटपट जोड आले होते, म्हणून त्या बाजूचे होज त्याच प्रकारच्या तयार टोकांसह क्रिंप करून घेतले. त्या जोडाची क्लिप बसवण्याची रीत महत्त्वाची आहे. ती नळीने ढकलून किंवा सरळ दाबून बसवायची नाही, ताणली जाते. क्लिपचं एक टोक खाचेत अडकवायचं आणि बाकीची फिरवत फिरवत जागेवर आणायची, तिचे तिन्ही कान आत दिसले पाहिजेत. मग नळी सरळ आत ढकलली की टक् असा आवाज येतो, बोटांनाही जाणवतो. त्यानंतर नळी जोरात मागे ओढून बघायची. शेवटी प्लॅस्टिकची टोपी जोडावर सरकवायची. ती पुरती बसली नाही तर नळी आत पूर्ण गेलेली नाही. माझ्या एका जोडाची टोपी तिरकी राहत होती, नळी पुन्हा काढून घातली तेव्हा बसली. क्लिपा नव्याच घ्या, जुनी परत वापरू नका.

परतीच्या लाइनवर चुंबक असलेला इनलाइन फिल्टर टाकला. आत बायपास असलेलाच निवडला, चोंदला तरी वंगण थांबणार नाही. पॅन उतरवून फिल्टरही बदलला, सगळं मिळून सहा क्वार्टांच्या आसपास डेक्स्रॉन-6 तेल लागलं. 2004 ला डेक्स्रॉन-3 होतं, पण डेक्स्रॉन-6 त्याच्या जागी चालतं.

चालवून गरम केलं, पार्कमध्ये आयडलवर ठेवून डिपस्टिक पाहिली, पातळी बरोबर आहे. सगळे जोड कोरडे. हायवेवर 170 च्या आसपास आकडा दिसतो.

पाना_बारा_तेरा

उत्तम काम. आठवडाभराने सगळे जोड कागदाच्या पांढऱ्या नॅपकिनने पुसून बघा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लाल उमटते. दर हिवाळ्याआधी फ्लुइड फिल्मसारखं लॅनोलिनचं आवरण नळ्या आणि ब्रॅकेटवर मारा, रबरी भागांवर मात्र नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. मार्च-एप्रिलमध्ये मीठ संपलं की खालून गाडी मनसोक्त धुवा, पी-क्लॅम्पच्या मागेसुद्धा.

नव्याने_आलेलो

वाचनखूण साठवली. एक विचारू का? वर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं असं लिहिलंय, ते ओळखायचं कसं? आणि तेल बदललं की भागतं का?

ह्यूस्टन_दक्षिण

डिपस्टिकवर तेल पारदर्शक लाल न दिसता गुलाबी, दुधाळ, फेसाळ दिसतं. कूलंटची पातळीही कारण नसताना उतरत असते. दिसल्या क्षणी गाडी थांबवा, घरापर्यंतही चालवू नका, टो करून न्या. क्लचच्या पट्ट्यांवरचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं, पाणी आणि ग्लायकॉल ते सोडवतं. अगदी लगेच लक्षात आलं आणि गाडी चालवलीच नाही, तर पुन्हा पुन्हा तेल बदलून काही जणांचा गिअरबॉक्स वाचलाय. थोडे दिवस तशीच चालवली असेल तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो, कन्व्हर्टरही नवा. आणि तो स्टॅक्ड प्लेट कूलर धुऊन परत वापरू नका, आतल्या बारीक वाटांत अडकलेला कचरा पुरता निघत नाही.

रानजाई

पाना, माझाही एक प्रश्न. माझ्या रॅमच्या लाइन आता बदलायच्या आहेत. पार्कमध्ये ठेवून प्रवाह बघितला तर तेल जेमतेम थेंब थेंब आलं. काळजी वाटतेय, कूलर गेला का?

पाना_बारा_तेरा

ताई, घाबरू नका, न्यूट्रलमध्ये बघा. तुमच्या 47आरई मध्ये पार्कला असताना कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही, त्यामुळे कूलरमधूनही फिरत नाही. डिपस्टिकसुद्धा याच कारणाने न्यूट्रलमध्ये बघायची. थंडीत इंजिन गरम करायला पार्कमध्ये बराच वेळ उभं ठेवता त्याऐवजी हँडब्रेक लावून, चाकांना उटी देऊन न्यूट्रलमध्ये ठेवा.

न्यूट्रलमध्येही 20 सेकंदांत क्वार्ट आलं नाही, तर पहिला संशय गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या लाइनमधल्या एकदिशा व्हॉल्व्हवर घ्या. एका टोकाला होजचा निपल, दुसऱ्या टोकाला फ्लेअरचे आटे आणि अंगावर बाण. गाडी उभी असताना कन्व्हर्टर रिकामा होऊ नये म्हणून तो घातलाय, पण जुना झाला की आत गाळ धरतो आणि वंगण अडवतो. नवीन लाइन टाकताना तो हमखास बदला, आणि बाण कूलरच्या दिशेने आहे ना हे बघूनच आवळा. उलटा बसला किंवा परतीच्या लाइनवर गेला तर गिअरबॉक्स जातो. तेल एटीएफ प्लस-4 च घाला, डेक्स्रॉन नको. न्यूट्रलमधला आकडा आला की इथे टाका, मग कूलरचं बघू.